आधी कपाट, मग बाळ

बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. झबलं शिवायचं नाही, पाळणा टांगायचा नाही, नावाचा तर विषयही काढायचा नाही. आईनं ही रीत तिच्या सासूकडून घेतली आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांत कसोशीनं पाळली. गेल्या ज्येष्ठात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी बेंगळुरूहून पुण्याला आमच्याकडे आली, ती मात्र फोनमध्ये भली मोठी यादी घेऊनच. मागची खोली तिच्यासाठी आणि बाळासाठी रिकामी केली होती. आईचं म्हणणं, अजून काही आणू नका. लेकीचं म्हणणं, ऐनवेळी धावपळ नको, सगळं आधीच लावून ठेवू. दोघींच्याही बोलण्यात तथ्य होतं, आणि कपाट लावणारी मी होते.

आईच्या रीतीमागे भीती होती आणि ती भीती हवेतली नव्हती. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत होती. २०२० च्या सरकारी आकडेवारीत हाच आकडा देशासाठी २८ आणि महाराष्ट्रासाठी १६ आहे. आई त्या पहिल्या आकड्याच्या काळात बाळंत झाली, मी दुसऱ्या आकड्याच्या काळात आजी झाले. तिच्या आजीच्या काळाचं तर बोलायलाच नको. मूल जगावं म्हणून त्याचं नाव धोंडू, दगडू, केरू ठेवायचे, म्हणजे दैवाची नजर तिकडे वळू नये. पहिलं झबलं स्वतःच्या घरचं घालायचं नाही. जिची मुलं हाताशी आली तिच्या दारी जाऊन जुनं झबलं मागून आणायचं. बाळ पोटात असताना कपड्यांची चळत लावून बसणं म्हणजे त्या बायांच्या लेखी नशिबाला डिवचणं होतं.

तरी त्या हात बांधून बसत नव्हत्या. आईच्या ट्रंकेत तळाशी दोन जुनी सुती लुगडी असायची, वापरून वापरून सायीसारखी मऊ झालेली. घरात कुणाला दिवस गेले की ती बाहेर निघायची. रिठ्याच्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, घडी घालून परत ठेवली जायची. फाडायची मात्र नाहीत. कात्री लागायची ती बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याची बातमी आल्यावर. मग एका दुपारी चार बायका मिळून बसायच्या आणि दुपटी, लंगोट, बाळोती सगळं त्यातून निघायचं. बाळ आलं तर दुपटी. नाही आलं, तर लुगडं लुगडंच राहतं. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरात शिवलेलं झबलं मागे उरू नये, एवढी ती काळजी होती. आईनं हे मला कधी समजावून सांगितलं नाही. पण ती लुगडी न फाडता परत ट्रंकेत जाताना मी लहानपणी एकदा पाहिली आहेत. त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

म्हणून आईशी वाद घालायचा प्रश्नच नव्हता. मी तिला एवढंच विचारलं, "कपाट तरी लावू का?"

ती म्हणाली, "अगं, कपाट पुसून कागद घालून ठेवायला कोण नको म्हणतंय? जागा करून ठेव. आणि नातेवाइकांकडचं वापरलेलं असेल ते येऊ दे. नवं मात्र बारशाच्या वेळी."

लेकीनं ते मान्य केलं. दवाखान्यात न्यायची पिशवी, गाडीतली सीट एवढंच नवं, बाकी सगळं घराघरांतून. मला स्वतःला ही तडजोड फार आवडली, कारण तिच्यात आईचं भयही सांभाळलं गेलं आणि लेकीची शांत झोपही.

आता प्रश्न उरला तो यादीचा. खरं किती लागतं? दुकानं आणि ॲप यांचं उत्तर नेहमी जास्तीच्या बाजूला झुकतं, तेव्हा मी जरा दुसरीकडे पाहिलं. सरकारं बाळंतिणींना काय देतात? फिनलंडनं १९३८ साली गरीब आयांसाठी बाळाच्या सामानाचं खोकं सुरू केलं आणि १९४९ पासून ते सगळ्याच आयांना मिळू लागलं. आत कपडे, पांघरूण, टॉवेल आणि तळाशी छोटी गादी. सामान काढून घेतलं की ते खोकंच बाळाचं पहिलं अंथरूण. आपल्याकडे तमिळनाडूनं २०१५ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळांसाठी सोळा वस्तूंचा संच द्यायला सुरुवात केली. कपडे, टॉवेल, मच्छरदाणी, नेलकटर, खुळखुळा आणि आईसाठी सुंठीचं लेह्यसुद्धा. आपण बाळंतिणीला डिंकाचे, आळिवाचे लाडू देतो, त्याच समजुतीतून हे आलं असणार. महाराष्ट्रातही त्यानंतर बेबी केअर किट सुरू झालं. लाखो बाळंतिणींचा विचार करून केलेल्या याद्या इतक्या आटोपशीर असतात, हे मी लेकीला दाखवलं आणि आमची यादी सरळ निम्म्यावर आली.

कपाट लावताना मी एक नियम धरला. सगळं एका हातानं निघालं पाहिजे. बाळ उंचावर असो की जमिनीवर, एक हात कायम त्याच्या अंगावर असतो, असायलाच हवा. कामाला उरतो तो एकच. एकदा हे मनात बसलं की कपाटाची मांडणी आपोआप ठरत जाते. झाकणाचे डबे बाद, कारण झाकणाला दोन हात लागतात. दिसायला सुरेख अशा वेताच्या पेट्या लेकीनं पसंत केल्या होत्या. त्यांची झाकणं काढून ठेवली आणि त्या उघड्याच वापरल्या. लंगोटाची घडी अशी, की वरचा एक ओढला तर खालची चळत ढासळू नये. झबली समोरून पूर्ण उघडणारीच पुढे ठेवली, कारण नवजात बाळाची मान सावरलेली नसते आणि डोक्यातून घालायचं झबलं तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आईच्या जिवाला घोर लावतं.

दुसरी गोष्ट उंचीची. टाके कुठलेही असोत, पहिले काही आठवडे बाळंतिणीनं खाली वाकू नये आणि हात ताणून वरचंही काढू नये. म्हणजे तिच्यासाठी कपाटाचे दोनच खण कामाचे, कमरेपासून खांद्यापर्यंतचे. रोज लागणारं सगळं तिथे. सर्वांत खाली मी स्वतः वापरणार त्या गोष्टी, आणि अगदी वर पुढच्या महिन्यांच्या पेट्या. आमच्या घरात त्या कपाटात हात घालणारी माणसंही बरीच होती. लेक, मी, दर शनिवारी येणारे जावई, सकाळी तेल-पाण्याला येणाऱ्या मावशी आणि दिवसातून चारदा नुसतं बघून जाणारी आई. रात्री तीनला मंद दिव्यात यातल्या कुणालाही, कुणाला न उठवता, लंगोट सापडला पाहिजे. म्हणून मी वस्तूंचे प्रकार बाजूला ठेवून कामांप्रमाणे खण लावले. शी-शूचा एक, झोपेचा एक, बाहेर जायचा एक. आंघोळीचं सामान तर कपाटात ठेवलंच नाही; न्हाणीघराच्या दाराशी एका टोपलीत ठेवलं. मावशी पाटावर पाय लांब करून बसतात आणि पायांवर बाळ घेतात. त्यांच्या उजव्या हाताला टोपली, टोपलीत क्रमानं तेलाची वाटी, डाळीचं पीठ, पंचा, आणि सगळ्यांत वर कोरडं दुपटं आधीच कोनात घडी करून. बाळ पाण्यातून निघालं की ते दुपटं पसरायला क्षणभरही लागत नाही.

लंगोटांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्या खोलीचा कारभार त्यांच्यावर चालतो. बाळाची पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. दोन-तीन दिवस तसंच चालतं आणि तिचे डाग सहजी जात नाहीत. सुरुवातीला जुनी फडकी वापरायची जी पद्धत आहे, तिचा हा साधा उपयोग. नवं कापड कडक असतं, त्यात खळ असते, ती नाजूक कातडीला टोचते; धुऊन धुऊन विटलेल्या कापडात यातलं काही उरत नाही. नाळेचा तुकडा गळून पडेपर्यंत लंगोटाची वरची कड नाळेच्या खाली दुमडायची, म्हणजे ती जागा कोरडी राहते. आईनं बाळाच्या पाचव्या दिवशी तिच्या त्या ट्रंकेतलं एक लुगडं शेवटी फाडलं. कात्रीनं काठ कापून घेतला आणि मग दोन्ही हातांनी सरळ रेषेत कापड फाडत गेली. त्या कापडाला धार लागत नाही, ते धाग्याच्या रेषेत आपण होऊन फाटतं. तिची बोटं आता थरथरतात, पण दुपट्याच्या टिपा तिनं कुणाला घालू दिल्या नाहीत.

पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत, दूध पुरतंय याची ती खूण. प्रत्यक्षात दहा-बारा सहज होतात. डायपर आम्ही रात्री आणि बाहेर जाताना वापरले, दिवसा लंगोट. त्यामुळे दूध पुरत नाही की काय या काळजीनं लेक हवालदिल झाली, तेव्हा मी तिला दोरीवरचे लंगोट मोजायला लावले. तराजूवर वजन दर दिवशी करता येत नाही, दोरी मात्र समोर असते. तिचा चेहरा त्या मोजणीनं जितका निवळला तितका माझ्या समजावण्यानं निवळला नव्हता.

अडचण होती ती पावसाची. श्रावणात जन्मलेल्या बाळाचे कपडे वाळवणं हे स्वतंत्र काम आहे. पूर्वी शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी पसरत; खाली निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. त्या वासानं घरात बाळंतीण आहे हे दारातच कळायचं. मला तो वास आजही जिवाभावाचा वाटतो. तरीही धूर बाळाच्या खोलीत नको हे डॉक्टरांचं सांगणं मला पटतं. इवल्या फुफ्फुसांना तो सोसत नाही. मग पंख्याखाली दोरी आणि शेवटचा दमटपणा काढायला इस्त्री. गरम इस्त्री शिवणींवरून दोनदा फिरवली की लंगोट पूर्ण कोरडा होतो आणि कोरडा लंगोट म्हणजे पुरळ नाही. तेलाचे कपडे मी वेगळ्या बादलीत ठेवत होते. मालिशीनंतरची झबली इतर कपड्यांत मिसळली की सगळ्यांना खवट वास धरतो. त्यांना गरम पाणी आणि सोडा लागतो.

वास आला तसा त्याच्याशीच जोडलेला एक विषय आहे आणि माझ्या मते या सगळ्या लेखातला तोच सर्वांत महत्त्वाचा. साताऱ्याहून आत्याबाईंकडून कपड्यांची मोठी पेटी आली. चार मुलांची झबली, टोपरी, लोकरीचे स्वेटर, एक हातानं भरलेली कुंची, सगळं जिवापाड जपलेलं. पेटी उघडली आणि खोलीभर डांबर गोळ्यांचा वास पसरला. शेजारी एक बालरोगतज्ज्ञ बाई राहतात. त्यांना तो वास जिन्यातच आला आणि त्या तशाच आत आल्या. म्हणाल्या, "यातलं काहीही असंच बाळाला घालू नका."

कारण असं. डांबर गोळी म्हणजे नॅफ्थलीन. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. अशा बाळांच्या लाल पेशी नॅफ्थलीननं फुटतात, कावीळ झपाट्यानं वाढते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. गोळ्यांत ठेवलेले कपडे-पांघरुणं न धुता वापरल्यानं बाळं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकात कित्येक दशकांपासून आहेत. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलांमध्ये जास्त दिसतो. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण अधिक आहे, पण तो कुणाच्याही घरी निघू शकतो आणि तपासल्याशिवाय आधी कळून येत नाही. त्यात आपल्याकडे तेल लावायची पद्धत. नॅफ्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल लावलेल्या कातडीतून ते अधिक सहज आत शिरतं. म्हणजे मालीश केलेलं बाळ डांबर गोळीच्या वासाच्या दुपट्यात गुंडाळणं, ही आपल्या घराघरांत अगदी मायेनं होणारी गोष्ट, नेमकी सगळ्यांत वाईट.

आत्याबाईंची माया वाया जाऊ द्यायची नव्हती. सगळे सुती कपडे गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतले, ऊन पडेल तेव्हा गच्चीवर घातले, नाकाला वास लागेनासा होईपर्यंत. लोकरीच्या काही कपड्यांतून तो गेलाच नाही, ते बाजूला काढले. कुंची वाचली. कसर लागू नये म्हणून आता आमच्या पेट्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि लवंगा आहेत, तेही पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून, बाळाच्या हाताला न लागतील असे. त्यांची ताकद डांबर गोळीपेक्षा कमी, म्हणून दर महिन्याला पेटी उघडून ऊन दाखवावं लागतं. हे काम मी आनंदानं करते. माळ्यावर बाळांचे कपडे जपून ठेवलेत त्या प्रत्येक घरापर्यंत ही एक गोष्ट पोचावी असं मला फार वाटतं.

वरच्या खणातल्या पेट्यांचं गणित वेगळं आहे. जन्मतः साधारण पन्नास सेंटिमीटर लांबीचं बाळ वर्षभरात पंचवीस सेंटिमीटर वाढतं. वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षाला तिप्पट. एवढी वाढ माणूस पुढे कधीच करत नाही. कपड्यांवर ० ते ३, ३ ते ६ असं लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे पुरे दिवस भरलेलं बाळही बऱ्याचदा पावणेतीन किलोंचं असतं. परदेशी मापाचं पहिलं झबलं त्याला दुसऱ्या महिन्यात बसतं. म्हणून मी चिठ्ठीवर महिन्यांसोबत लांबीही लिहिली. आणि त्याहून उपयोगी पडलं ते ऋतूचं गणित. ऑगस्टात जन्मलेलं बाळ पुण्याच्या थंडीत चार महिन्यांचं असतं. म्हणजे बाळंतविड्यात आलेले इवले इवले स्वेटर कितीही गोड असले तरी ते घालायची वेळ येईतो बाळ त्यांच्यातून बाहेर पडलेलं. असे स्वेटर पहिल्याच आठवड्यात वेगळे काढले आणि मार्गशीर्षात बाळंत होणार होती त्या भाचेसुनेच्या नावाची चिठ्ठी त्यांवर लावली. ३ ते ६ च्या पेटीत मात्र लोकरी कपडे वर आले, आणि त्यांच्या वर काळं झबलं, कारण संक्रांतीला बाळ पाचव्या महिन्यात असणार आणि बोरन्हाण होणार. हलव्याचे दागिने त्याच्या अंगावर क्षणभरच ठेवले, फोटोपुरते. हलवा नि बोरं घशात अडकण्याच्या मापाची असतात, तेव्हा डोक्यावरून ओतायला बोरांऐवजी चुरमुरे घेतले आणि बोरं भोवती जमलेल्या मोठ्या मुलांना वाटली.

हातमोजे-पायमोज्यांचा डबा सगळ्यांत लहान, पण सगळ्यांत जास्त वेळ मी त्याच्यापाशी बसले. प्रत्येक मोजा उलटा करायचा आणि आतले सुटे दोरे मुळापासून कापायचे. आतला एखादा दोरा बाळाच्या बोटाभोवती फिरला तर तो वळत वळत आवळत जातो, बोट सुजतं, रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय हे वरून कुणाला कळत नाही. केसांचंही तसंच. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी आईचे केस झडू लागतात, आणि ते दुपट्यावर, मोज्यात कुठेही जातात. बाळ उगाच किंचाळतंय असं वाटलं तर आधी हातापायाची बोटं मोकळी करून पाहायची, हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जावयांना तर करूनच दाखवलं.

पाळणा माझ्या सासरचा, सागवानी, रंग न दिलेला. रंगवलेला असता तर मी तो टांगला नसता. घरातल्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात किती शिसं असेल कोण जाणे, आणि दात येणारं बाळ पाळण्याची कड चावतंच. दांड्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं. सहा सेंटिमीटरहून जास्त फट नको, नाहीतर बाळाचं अंग त्यातून घसरून डोकं अडकू शकतं. वर चिमणाळं टांगलं ते सावंतवाडीच्या लाकडी पाखरांचं, हाताला न येईल इतकं उंच.

पाळण्यात काय ठेवायचं यावर आईचं आणि माझं थोडं अडलं. तिनं बाळासाठी मोहरीची उशी शिवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. आणि आता डॉक्टर सांगतात, पहिलं वर्षभर उशी नको, सैल पांघरूण नको, मऊ खेळणी नकोत. कडक गादी, घट्ट चादर, आणि बाळ पाठीवर. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आकडे आईला कधी कमी लेखावेसे वाटत नाहीत. तिनं ते माझ्याकडून दोनदा ऐकून घेतले. मग म्हणाली, "आणि डोकं चपटं झालं म्हणजे?" जागं असताना थोडा थोडा वेळ पोटावर ठेवलं की डोक्यावरचा दाब बदलतो, हे तिला पटलं. उशी कुणी टाकून दिली नाही. आई दुपारी बाळाला मांडीवर घेऊन बसायची, तेव्हा ती उशी तिच्या कोपराखाली असायची, आणि तिचा हात तासभर भरून येत नव्हता.

बाकी सामानाविषयी फार सांगण्यासारखं नाही. गाडीतली सीट नवी घेतली, कारण वापरलेली सीट कुठल्या अपघातातून आली असेल ते बाहेरून दिसत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेल्यास हजार रुपये दंडही आहे. एकांकडून वॉकर आला होता, तो माळ्यावरही ठेवला नाही. कॅनडानं २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्या इमारतीत जिने आहेत आणि वॉकरमधलं बाळ मोठ्या माणसाच्या झेपेपेक्षा वेगानं जिन्यापाशी पोचतं.

लेकीला सव्वीस आठवड्यांची रजा होती. २०१७ च्या आधी बारा आठवडेच मिळत; ती वाढली नसती तर हे सगळं कपाट तिच्या हाताखालून गेलंच नसतं, मीच एकटीनं चालवलं असतं. रजेला हक्काची सुट्टी जोडून ती संक्रांतीनंतर बेंगळुरूला गेली. जाताना आम्ही दोघींनी पेट्या पुन्हा भरल्या. बाळासाठी पाळणाघर बघून ठेवलं होतं, तिथे चार-पाच बाळांचे कपडे एकाच दोरीवर वाळतात, म्हणून प्रत्येक झबल्याच्या आतल्या शिवणीला तिनं रंगीत दोऱ्याचे दोन टाके घातले, निळे. अक्षर कुणाला वाचता येवो न येवो, रंग सगळ्यांना ओळखू येतो. ही कल्पना तिची, मला सुचली नव्हती.

तिकडचं कपाट जावयांनी लावलं. फोटो पाठवला. खण कामांप्रमाणे, झाकणं काढलेली, लंगोटांची चळत मात्र माझ्यापेक्षा एक हात वर, त्यांच्या उंचीला. परवा त्यांचा फोन आला.

"आई, सहा ते नऊची पेटी उघडू का? बाह्या मनगटाच्या वर जायला लागल्यात."

"उघडा," मी म्हटलं. "पण आधी सगळं एकदा धुऊन उन्हात घाला. आणि तीन ते सहातलं बाजूला काढून ठेवा, भाचेसुनेच्या बाळाला लागेल. तिचं बाळ चैत्र-वैशाखात त्या मापाला येईल, तेव्हा स्वेटर पाठवू नका. बिनबाह्यांचं पातळ, सुती, जितकं असेल तितकं पाठवा."